ही किल्ली आता कायद्यानं सांभाळावी : गोव्याच्या चाळीस आमदारांना खुलं पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व चाळीस सन्माननीय सदस्य,
विधानसभा संकुल, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. एकवीस वर्षं झाली. माझे यजमान भाजीची पिकअप चालवतात. बेळगावहून रात्री घाट उतरून आलेली भाजी पहाटे उचलायची आणि आठ-दहा दुकानांना, दोन हॉटेलांना पोचवायची, हा त्यांचा धंदा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल न्यायालयानं त्यांना दोनदा दोषी ठरवलं आहे. हे लपवून ठेवलं तर मला जे मागायचं आहे ते मागताच येणार नाही, म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगते. पत्र पाठवण्याआधी त्यांना अख्खं वाचून दाखवलं. एक वाक्य काढ म्हणाले, ते काढलं. बाकीचं राहू दे म्हणाले.

माझं मागणं असं आहे. दारू पिऊन वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात जो दोषी ठरला, आणि दुसऱ्यांदा ठरला असेल तर हटकून, त्याला परवाना परत देताना त्याच्या गाडीत अल्कोहोल इंटरलॉक बसवण्याची अट घालावी. आणि काही महिने सलग स्वच्छ नोंदी दिसेपर्यंत ते यंत्र काढू देऊ नये.

आपल्यापैकी कित्येकांनी हे यंत्र पाहिलं नसेल. मीही फक्त चित्रांत आणि चित्रफितींत पाहिलं आहे. मोबाइलपेक्षा जरा जाड असा एक डबा, त्याला फुंकायची नळी, आणि डब्यातून निघालेली वायर गाडीच्या स्टार्टरच्या जोडणीत गेलेली. किल्ली फिरवली की गाडी सुरू होण्याआधी तो डबा फुंकर मागतो. फुंकर छातीतून आलेली आणि काही सेकंद सलग हवी, गालात धरलेली हवा त्याला चालत नाही. श्वासात दारूची वाफ असेल तर आतल्या प्लॅटिनमच्या पत्र्यावर तिची रासायनिक क्रिया होऊन वीज निर्माण होते. जितकी दारू जास्त, तितकी वीज जास्त. ठरलेल्या मर्यादेच्या वर आकडा गेला की स्टार्टरला वीज पोचत नाही. गाडी जागची हलत नाही. थोड्या वेळानं पुन्हा फुंकता येतं, पण अंगातली दारू कमी झाली असेल तरच उपयोग.

गाडी चालू झाल्यावरही अधूनमधून ते पुन्हा फुंकर मागतं, म्हणजे सुरू करताना शेजाऱ्यानं फुंकून दिलं आणि पुढं पिणाऱ्यानं गाडी नेली असं होऊ नये. त्या वेळी फुंकर चुकली म्हणून धावती गाडी मध्येच बंद पडत नाही, तसं झालं तर घाटात अनर्थ होईल. त्याऐवजी हॉर्न वाजू लागतो, दिवे उघडझाप करतात आणि सगळं आत नोंदलं जातं. कधी फुंकलं, किती आलं, कधी फुंकायचं टाळलं, कधी कोणी बॅटरीची वायर काढली, हे सगळं. घरात बोलताना मी त्याला श्वासाचं कुलूप म्हणते.

आता आमच्या घरातलं कुलूप सांगते.

रात्री पिकअप अंगणात लागली की माझं पहिलं काम किल्ली काढून घेणं. दहा-बारा वर्षं हे चाललं आहे. आधी मी किल्ली देवघरात समईच्या ताटाखाली ठेवायची. ती सापडली. मग सासूबाईंच्या उशाखाली. त्या बिचाऱ्या रात्रभर उशीवर हात ठेवून झोपायच्या. शेवटी उकड्या तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. एका रात्री यांनी तो डबाच जमिनीवर उपडा केला. किल्ली घेऊन गेले, आणि पहाटे साडेतीनला मी आणि मुलगा कंदिलाएवढ्या उजेडात स्वयंपाकघराच्या फरशीवरचा तांदूळ गोळा करत बसलो होतो. मुलगा तेव्हा सहावीत होता. एक शब्द बोलला नाही. तांदळातले खडे तेवढे वेगळे काढून बाजूला ठेवत होता.

ही कथा माझ्या एकटीची असती तर मी लिहिलं नसतं. शाळेत मुलांना न्यायला येणाऱ्या आया, बाजारात भेटणाऱ्या ओळखीच्या बायका, माझ्या माहेरची वहिनी, कितीजणींकडून ऐकलं आहे. कोणी किल्ली ब्लाउजमध्ये घेऊन झोपते. कोणी स्कूटरच्या चाकातली हवा सोडून ठेवते. एकीनं तर सरळ प्लगच काढून विहिरीत टाकला होता. दोषी ठरलेल्या माणसाला कायदा दंड करतो आणि घरी पाठवतो, आणि त्या रात्रीपासून तो गाडीला हात लावणार नाही हे बघण्याचं काम त्याच्या बायकोवर, आईवर, कधी पोरावर येऊन पडतं. तिच्या हाती ना अधिकार, ना यंत्र. मार मात्र खावा लागतो. मला नाही पडला कधी, पण ज्यांना पडला त्या मला माहीत आहेत.

आणि सगळी दक्षता घेऊनही हे काम बाईला जमत नाही, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं.

नोव्हेंबरातली गोष्ट. शेजारच्या गावात जत्रा होती, रात्री काला. यांनी त्या दिवशी शहाणपण केलं. पिकअप अंगणातच ठेवली, मित्राबरोबर गेले, रात्री दोनला दुसऱ्या कोणीतरी सोडलं. येऊन झोपले. मी मनात म्हटलं, आज निभावलं. सकाळी साडेसहाला उठून आंघोळ केली, चहा घेतला, बोलणं-चालणं सरळ. तोंडाला वास नव्हता, मी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. आणि मीच तांदळाच्या डब्यातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

सात वाजून वीस मिनिटांनी एका वळणावर त्यांची पिकअप समोरून येणाऱ्या स्कूटरवर गेली. स्कूटरवर आई आणि तिची तिसरीतली मुलगी. आईला खरचटलं. मुलीचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. ती मुलगी माझ्याच शाळेतली.

पोलिसांनी फुंकर घेतली तेव्हा आकडा 48 आला. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. हे शपथेवर सांगत होते की सकाळपासून थेंब घेतलेला नाही, आणि ते खरंच होतं. पुढं वाचताना मला उलगडा झाला. आपलं शरीर दारू जाळतं ते एका ठरावीक संथ गतीनं, ढोबळमानानं तासाला 15 मिलिग्रॅम. कढत चहा, गार पाण्याची आंघोळ, लिंबू, कशानंही ती गती वाढत नाही. रात्री दोनला 130 असेल तर पावणेआठला 45 च्या आसपास उरणारच. झोपेतून उठलेल्या माणसाला आपण शुद्धीवर आहोत असं वाटतं, त्याच्या बायकोलाही वाटतं. माझ्या नाकाला जे कळलं नाही ते त्या डब्याला कळलं असतं. पिकअप सुरू झाली नसती. भाजी दोन तास उशिरा गेली असती, एवढंच.

त्या मुलीनं त्या सत्राची मराठीची परीक्षा डाव्या हातानं दिली. मी तोंडी घेते म्हटलं होतं, ती म्हणाली, नको बाई, मी लिहिते. ‘पाऊस’ या विषयावर पाच ओळी. ‘ऊ’ची शेपटी प्रत्येक वेळी रेघेच्या खाली दोन बोटं गेलेली. तो पेपर मी तपासला, गुण दिले, आणि कपाटात ठेवला आहे.

आता कायद्याचं बोलते. मी वकील नाही, पण दोन खटल्यांत जेवढं वाचावं लागलं तेवढं वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 185. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. कलम 20 प्रमाणे न्यायालयानं किमान सहा महिने वाहन चालवायला अपात्र ठरवायचं. त्या काळात गाडी चालवली तर कलम 182 खाली पुन्हा शिक्षा. कागदावर कमी काही नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते पहिल्या वेळी आम्ही केलं. रस्त्यावरच्या तपासणीत यांना पकडलं, दंड भरला, परवाना गेला. दोन महिने घरी बसले. बदली चालक ठेवला, त्याचा पगार आणि पिकअपचा हप्ता दोन्ही निघेनात. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे यांनी किल्ली मागितली. मी दिली. ते चुकीचं होतं आणि मी त्यात सामील होते. चार महिने ते परवान्याशिवाय त्याच रस्त्यांवर गाडी चालवत होते आणि कोणीही अडवलं नाही. सहा महिने संपले, परवाना परत मिळाला, आणि तो घेऊन बाहेर पडलेला माणूस आत गेला होता तोच होता. त्याला ना कोणी विचारलं की अजून पिता का, ना कोणी बघितलं.

म्हणून मला नुसतं निलंबन पटत नाही. ते एका बाजूनं फार कडक आहे, कारण गाडीवर पोट असलेल्या घराची चूल विझवतं. दुसऱ्या बाजूनं फार ढिलं आहे, कारण ते पाळलं जातं की नाही हे रोज पाहणारं कोणी नाही. श्वासाचं कुलूप या दोन्हींच्या मधलं आहे. माणसाला कामावर जाता येतं, फक्त पिऊन जाता येत नाही.

आपण म्हणाल, परदेशातलं खूळ. खूळ नाही हो. कॅलिफोर्नियानं 1986 मध्ये याचा पहिला प्रायोगिक कायदा केला. 2005 मध्ये न्यू मेक्सिको राज्यानं पहिल्याच गुन्ह्यापासून सर्व दोषींना ते सक्तीचं केलं. आज अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात या यंत्राचा काही ना काही कायदा आहे. स्वीडननं 1999 मध्ये प्रयोग सुरू केला. फिनलंडनं 2005 मध्ये प्रयोग करून 2008 मध्ये तो कायम केला. बेल्जियममध्ये 2018 पासून फार मोठं प्रमाण सापडलेल्यांना आणि पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांना न्यायाधीश ही अट घालतात. युरोपीय संघात 2024 च्या जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारीत हे यंत्र सहज जोडता येईल अशी सोय ठेवणं निर्मात्यांना बंधनकारक आहे.

परिणामाचं म्हणाल तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं मांडलेला निष्कर्ष असा की यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा दारू पिऊन पकडले जाण्याचं प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशानं खाली येतं. ‘असेपर्यंत’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. यंत्र काढलं की हा फायदा बहुतांशी ओसरतो, हेही अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. कुलूप दार बंद ठेवतं, तहान भागवत नाही. म्हणून माझ्या मागण्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. नुसतं ‘एक वर्ष यंत्र’ असं लिहू नका. शेवटचे काही महिने एकही फसलेली फुंकर नसेल तरच ते निघेल, असं लिहा. नोंदी खराब असतील तर मुदत आपोआप पुढं जावी.

आणि त्या नोंदींचा उपयोग दंडापुरता करू नका. महिन्याभरात पहाटेच्या पाच फुंकरी फसल्या तर तो माणूस रात्री किती पितो ते त्यातच लिहिलेलं आहे. त्याला कोणाशी तरी बोलायला पाठवा. यासाठी परदेशी जायला नको, याचं उत्तर आपल्या गोव्यातच सापडलेलं आहे. गोव्याच्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर इथल्याच ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी एक चाचणी केली. मनोविकारतज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक, आणि फार तर चार बैठका. 2017 मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के अपायकारक पिण्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. आकडा लहान वाटेल. मला नाही वाटत. चार वेळा बोलून शंभरातले दहा जास्त सावरत असतील तर त्या दहा घरांतल्या बायकांना विचारा तो लहान आहे का. ज्यांचं व्यसन त्यापलीकडं गेलं आहे त्यांच्यासाठी बांबोळीची मनोविकार संस्था आहे. दोन्ही गोष्टी आपल्या हाताशी आहेत. त्यांना न्यायालयाच्या आदेशाशी जोडणारा दोराच तेवढा नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत. सगळ्यात मोठी दुचाकीची. गोव्यात रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वाधिक दुचाकीवाले, आणि हे यंत्र मुख्यतः चारचाकीसाठी घडवलेलं आहे. स्कूटरला ते बसवणं, पावसात टिकवणं, धावत्या स्कूटरवर पुन्हा फुंकर घेणं, हे अवघड आहे, आणि जमेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. दोषी दुचाकीस्वारासाठी ठरावीक दिवशी फुंकर द्यायला हजेरी, समुपदेशन, असा वेगळा मार्ग काढावा लागेल. पण दुचाकीला जमत नाही म्हणून ट्रक, बस, टॅक्सी, पिकअप, मोटार यांनाही नको, हा युक्तिवाद मला मान्य नाही. दुचाकीवाल्याला चिरडतं कोण?

दुसरी अडचण फसवणुकीची. फुंकर दुसऱ्यानं द्यायची, हे पहिल्यांदा सगळ्यांना सुचतं. नव्या यंत्रांत छोटा कॅमेरा असतो, तो फुंकणाऱ्याचा चेहरा टिपतो. काहींत फुंकता फुंकता गुणगुणावं लागतं किंवा फुंकून लगेच हवा आत ओढावी लागते, म्हणजे फुग्यातली हवा चालत नाही. दुसऱ्याची गाडी घेऊन जायची, ही मात्र खरी पळवाट. त्यावर उपाय परवान्यावरच शिक्का. परवान्याची नोंद आता ‘सारथी’ या संगणक प्रणालीत असते, गाडीची ‘वाहन’ या प्रणालीत. रस्त्यावर अडवणाऱ्या हवालदाराच्या हातातल्या यंत्रावर ‘या माणसाला फक्त इंटरलॉक असलेलं वाहन’ अशी ओळ उमटली पाहिजे. आणि माणूस दिसला की अडवायला हवालदार रस्त्यावर हवा, रात्री तर हवाच, पण सकाळी सात वाजताही हवा.

तिसरी अडचण आपल्याच अनुभवाची, आणि मला तिचीच जास्त भीती वाटते. व्यावसायिक गाड्यांना वेगनियंत्रक बसवण्याची सक्ती झाली तेव्हा काय झालं ते चालकांच्या घरात राहणाऱ्या मला माहीत आहे. पासिंगच्या दिवशी जोडायचा, दुसऱ्या दिवशी वायर काढायची. श्वासाच्या कुलपाचं तसं झालं तर ते नसलेलं बरं, कारण मग सगळ्यांना वाटेल की बंदोबस्त झाला आहे. या यंत्राला महिन्या-दोन महिन्यांनी नेमकेपणाची तपासणी लागते. आपल्या दमट हवेत ती चुकवून चालणार नाही. म्हणून बसवणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. तपासणीला गाडी आली नाही तर ते परवान्यावर आपोआप दिसावं. वायर काढल्याची नोंद म्हणजे फसलेली फुंकर, असा सरळ नियम असावा.

पैसा. अमेरिकेत दोषीलाच महिन्याला साधारण 60 ते 90 डॉलर मोजावे लागतात. आमच्यासारख्या घराला ते परवडणार नाही, आणि न परवडणारी अट घातली की माणूस पुन्हा विनापरवाना गाडी काढतो, हे वर सांगितलंच. ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून द्या. कमी उत्पन्नवाल्याचा काही भार दंडाच्या रकमेतून उचला. यंत्राच्या बदल्यात अपात्रतेचा काळ थोडा कमी केला, तर माणूस आपण होऊन ते बसवायला पुढं येईल, हेही बघा.

हा अधिकार आपल्याकडं आहे का, असं मला एका सहकारी शिक्षकानं विचारलं. मोटार वाहन हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्राचा कायदा असतानाही राज्याची विधानसभा दुरुस्ती करू शकते, आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली तर कलम 254 प्रमाणे ती त्या राज्यात चालते. त्या दुरुस्तीत एक ओळ अशीही हवी की न्यायालयाच्या आदेशानं बसवलेलं हे यंत्र म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खालचा, गाडीतला बेकायदा बदल नव्हे, नाहीतर उद्या विमा कंपनी तेच कारण सांगून हात वर करील. आणि ही अट न्यायाधीशांच्या हाती ठेवा, खात्याच्या ठोकळेबाज परिपत्रकात नको. नेदरलँड्सनं 2011 मध्ये प्रशासनाच्या पातळीवर ही योजना सुरू केली. माणसामाणसाची परिस्थिती बघायला तिच्यात जागा नव्हती, वर त्याच गुन्ह्यासाठी खटलाही चालत होता. 2015 मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयांनी ती मोडीत काढली. चांगलं काम घाईनं लिहिलेल्या नियमानं बुडतं, ते इथं होऊ नये.

मधल्या काळात दारूसंबंधी पुष्कळ झालं. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितली. आपल्याकडं त्या वेळी केवढा गदारोळ झाला, पुढं ती बंधनं कशी सैल होत गेली, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बारमालकानं गिऱ्हाइकाला घरी पोचवावं, असंही बोललं गेलं. करू देत, चांगलं आहे. पण काजूच्या हंगामात शेजाऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, बसून काजूची हुर्राक पिणाऱ्याला कुठला बारमालक घरी पोचवणार? आमच्या यांची दोन्ही प्रकरणं बारमधली नव्हती. दुकान कुठं आहे, कोणी विकली, हे सगळं बाजूला ठेवलं तरी शेवटी एक माणूस आणि एक किल्ली उरते. तिथं पहारा हवा.

2011 च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. एवढ्याशा राज्यात वर्षाला अडीचशेहून जास्त माणसं रस्त्यावर जातात. बाणस्तारीच्या पुलावरून मी आठवड्यातून एकदा तरी जाते. 6 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी एका मोटारीनं तिथं तिघांचा जीव घेतला. ते प्रकरण न्यायालयात गेलं आहे, त्यावर मी बोलत नाही. पण बस त्या पुलावर चढली की आजही आतल्या बायका बोलायच्या थांबतात.

रेल्वेचा लोको पायलट कामावर चढताना फुंकर देतो. विमानाचा वैमानिक देतो. त्यांनी काहीही गुन्हा केलेला नसतो, तरी देतात, आणि कोणी त्यात अपमान मानत नाही. मी तर फक्त ज्यांना न्यायालयानं दोषी ठरवलं त्यांच्याबद्दल बोलते आहे.

सभागृहात शुक्रवारी खासगी सदस्यांचे ठराव येतात. तुमच्यापैकी एकानं, पक्ष कुठलाही असो, येत्या अधिवेशनात एवढा ठराव मांडावा: दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या चारचाकी चालकांसाठी गोव्यात दोन वर्षांचा प्रायोगिक इंटरलॉक कार्यक्रम सुरू करावा आणि कायदादुरुस्तीचा मसुदा तयार करावा. मसुदा करणाऱ्यांनी एकदा तरी आमच्यासारख्या घरांतल्या बायकांना बोलावून घ्यावं. कुठली पळवाट आधी काढली जाईल हे आम्हाला अधिकाऱ्यांपेक्षा लवकर सांगता येईल.

आणि पहिलं यंत्र बसवून बघायला गाडी हवी असेल तर आमची पिकअप आहे. यांना विचारलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, सांग त्यांना, पण पहाटे चारच्या आत तपासून सोडा म्हणावं, भाजी थांबत नाही. हप्ते अजून चौदा राहिले आहेत. गाडी कुठं आणायची ते कळवा, आम्ही दोघं येऊ.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
फोंडा तालुका, गोवा